दूरच्या शेजाऱ्यांचा जे मोजताना: कॅडमियम मँगनीज टेल्युराइडमधल्या पायऱ्या

कॅडमियम मँगनीज टेल्युराइडच्या स्फटिकात काही कॅडमियमच्या जागी मँगनीजचे अणू बसलेले असतात. एक्स्चेंज, म्हणजे दोन मँगनीजच्या स्पिनना एकमेकांशी जोडणारी क्रिया; तिची ताकद म्हणजे जे. लगतच्या दोन मँगनीजमधला जे-१ मोजायला मोठं चुंबकीय क्षेत्र लागतं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या शेजाऱ्यांच्या जे-२, जे-३, जे-४ साठी मात्र खरी गरज असते ती थंडीची. पहिलं मोजमाप केलेले विद्यार्थी दुसऱ्याकडे वळले की तीच दीड केल्विनची सवय सोबत आणतात आणि सपाट वक्र घेऊन परततात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मँगनीजचा स्पिन ५/२. प्रतिलोहचुंबकी जोडीत, म्हणजे दोन स्पिन एकमेकांच्या उलट दिशेला राहतात अशा जोडीत, एकूण स्पिन शून्यापासून सुरू होतो आणि क्षेत्र वाढवत नेलं की एकेक करत पाचपर्यंत चढतो. म्हणून मॅग्नेटायझेशनमध्ये, म्हणजे सॅम्पलच्या चुंबकनात, पाच पायऱ्या दिसतात. पायरी कुठे येणार याचा हिशेब सोपा आहे: जे केल्विनमध्ये घ्या (उणे चिन्ह प्रतिलोहचुंबकी जोडीचं, ते इथे सोडा), त्याची दुप्पट करा, पायरीच्या क्रमांकाने गुणा, १.३४ ने भागा, उत्तर टेस्लामध्ये. जे-१ उणे ६ केल्विनच्या आसपास, म्हणून त्याची पहिली पायरी ९ टेस्लाजवळ. जे उणे ०.१ केल्विन असेल तर ती ०.१५ टेस्लावर येते.

आता रुंदी. मॅग्नेटायझेशनचा क्षेत्रानुसार डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) काढला की प्रत्येक पायरीचं एक शिखर होतं. त्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी टेस्लामध्ये तापमानाच्या साधारण २.६ पट असते. १.५ केल्विनला जवळपास ४ टेस्ला, त्यात सगळ्या दूरच्या पायऱ्या बुडून जातात. २० मिलीकेल्विनला तीच रुंदी ०.०५ टेस्ला. साओ पाउलोच्या गटाने १९९८ मध्ये दूरच्या शेजाऱ्यांचे जे याच तापमानाला काढले, ते उगाच नव्हे. डायल्यूशन फ्रिज, म्हणजे हेलियमच्या मिश्रणाने काही मिलीकेल्विनपर्यंत थंड करणारं यंत्र, नसेल तर या वाटेला जाऊ नका.

सॅम्पल विरळ हवं, आणि किती ते मोजून ठरवा. या स्फटिकात प्रत्येक मँगनीजभोवती पहिल्या चार कवचांत (सारख्या अंतरावरच्या शेजाऱ्यांच्या थरांत) १२, ६, २४ आणि १२ जागा असतात, एकूण ५४. पाच टक्के मँगनीज घातलं तर त्या ५४ जागांत सरासरी २.७ मँगनीज बसतात, मग सुटी जोडी मिळणार कुठून? अर्धा टक्का घेतला तर सरासरी ०.२७. मी अर्धा टक्का किंवा त्याखालीच राहते. स्फटिक वाढवणाऱ्याने बाटलीवर लिहिलेला मँगनीजच्या प्रमाणाचा आकडा मात्र प्रमाण मानू नका. वरच्या तापमानाच्या ससेप्टिबिलिटीवरून (क्षेत्राला मिळणाऱ्या चुंबकीय प्रतिसादावरून) क्युरी स्थिरांक काढा, तो मँगनीजच्या संख्येनुसार वाढतो, आणि त्यावरून प्रमाण ठरवा.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते सॅम्पल थंड करणं. थर्मोमीटर २० मिलीकेल्विन दाखवतो म्हणून सॅम्पलही तितकंच थंड आहे असं नाही. टेल्युराइड उष्णता नीट वाहत नाही, आणि मँगनीजच्या अणुकेंद्रांची उष्णताधारकता नेमकी याच तापमानाला भरपूर असते. म्हणून मी स्फटिकाचे बारीक तुकडे करते आणि ते प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये थेट मिक्सिंग चेंबरच्या, म्हणजे फ्रिजच्या सर्वात थंड कप्प्याच्या, द्रवात बुडवते. तांब्याचा होल्डर नको, क्षेत्र बदललं की त्यात प्रवाह फिरून तो तापतो. तुकड्यांची दिशा विस्कटली तरी बिघडत नाही, स्फटिक घनाकृती आहे.

स्वीप, म्हणजे क्षेत्र वरखाली नेणं, सावकाश घ्या. चढता आणि उतरता वक्र एकमेकांवर बसला नाही, तर वेग आणखी निम्मा करा. तो बसेपर्यंत पुढचा एकही आकडा वहीत लिहू नका, हे मी विद्यार्थ्यांना हट्टाने सांगते.

सुटे मँगनीज पहिल्या काही दशांश टेस्लातच सॅच्युरेट होतात आणि जे-१ च्या जोड्या ९ टेस्लापर्यंत गप्प असतात. मधल्या पट्ट्यात दिसेल ते दूरच्या शेजाऱ्यांचं. होस्टचा (मँगनीज सोडून उरलेल्या स्फटिकाचा) डायामॅग्नेटिक उतार वजा करा आणि डेरिव्हेटिव्ह काढा.

एकाच जे ची शिखरं समान अंतरावर येतात, त्यामुळे मालिका ओळखता येतात. पण कुठली मालिका कितव्या शेजाऱ्याची, हे क्षेत्र सांगत नाही, ते पायरीची उंची सांगते. विरळ सॅम्पलमध्ये दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कवचाच्या पायऱ्यांच्या उंची ढोबळमानाने ६:२४:१२ या प्रमाणात असतात. अंतर वाढलं म्हणजे जे लहान होणारच, असं धरून नावं देऊ नका. बंध कुठून कसे जातात यावरही ते ठरतं. दोनापेक्षा जास्त मँगनीजचे गटही धरून पूर्ण वक्राचं सिम्युलेशन करा आणि उंची जुळते का ते पाहा.

निकाल लिहिताना हॅमिल्टोनियन, म्हणजे जोडीच्या ऊर्जेचं सूत्र, सोबत लिहा. वरचा हिशेब ‘उणे दोन जे’ धरून केला आहे. काही जण ‘उणे जे’ धरतात, आणि मग तोच आकडा दुप्पट दिसतो.