पुण्यात रोटरीत जायचंय? आधी पाहुणे म्हणून जा

रोटरी म्हणजे समाजसेवेसाठी एकत्र येणाऱ्या लोकांच्या क्लबांची जगभरची संघटना. तिथे नुसता फॉर्म भरून मेंबर होता येत नाही, क्लबने बोलवावं लागतं आणि आतला कुणीतरी तुमचं नाव सुचवतो. ओळखीत कुणी नसेल तरी अडत नाही, रोटरीच्या वेबसाइटवर इंटरेस्ट नोंदवता येतो. पुणे रोटरीच्या डिस्ट्रिक्ट ३१३१ मध्ये, म्हणजे त्या नंबरच्या विभागात येतं आणि शहरात क्लब भरपूर आहेत, त्यामुळे पहिल्याच क्लबला हो म्हणू नका.

दोन-तीन मीटिंगांना गेस्ट म्हणून जाऊन बसा. मी कोथरूडहून कॅम्पातल्या एका क्लबला जायचो, संध्याकाळी सातची मीटिंग, डेक्कनलाच पावणेसात वाजायचे, आणि पोचेपर्यंत घंटा वाजवून मीटिंग सुरू झालेली, मग मागच्या खुर्चीवर गपचूप बसायचं. म्हणून घराजवळचा किंवा ऑफिसजवळचाच क्लब बघा, बाकी सगळं नंतर.

पैशांचं आधीच स्पष्ट विचारा: वर्षाची फी किती, जेवणाचा खर्च त्यातच का वेगळा, प्रोजेक्टला वरून किती काढावे लागतात. लाजू नका, मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि पहिल्याच वर्षी खिसा चांगला हलका झाला. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, तेव्हा मे-जूनमध्ये चौकशी केलेली बरी.

आणि हो, पहिल्याच दिवशी व्हिजिटिंग कार्डं वाटत सुटू नका, लोक लगेच ओळखतात. त्यापेक्षा रक्तदान शिबिरात सकाळी खुर्च्या लावायला जा, तिथेच खऱ्या ओळखी होतात.