हिंगण्याच्या शॉपसाठी डिझाइन सॉफ्टवेअर घडवताना

हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतील फॅब्रिकेशनच्या शॉपसाठी, म्हणजे पत्रा कापून, वाकवून आणि जोडून वस्तू बनवणाऱ्या कारखान्यासाठी, डिझाइन सॉफ्टवेअर तयार करण्याची इच्छा असलेल्या नागपूरच्या तरुण अभियंत्याने कोड लिहायला बसण्यापूर्वी जॉन हर्शटिक यांची कारकीर्द बारकाईने पाहावी. एमआयटीत यांत्रिकी अभियांत्रिकी शिकलेल्या हर्शटिक यांनी डिसेंबर १९९३ मध्ये सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअर कंपनीची स्थापना केली आणि त्यासाठीचे १० लाख डॉलर त्यांनी ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात कमावले होते. चर्चा या किश्शाचीच अधिक होते. उद्योजकाला उपयोगी पडणारा भाग मात्र पुढचा आहे.

त्रिमितीय पॅरामेट्रिक मॉडेलिंग, म्हणजे एक माप बदलले की संपूर्ण आकृती त्यानुसार बदलण्याची पद्धत, हा त्यांचा शोध नव्हता. पीटीसी कंपनीचे प्रो/इंजिनिअर हे सॉफ्टवेअर त्याआधीच बाजारात होते, परंतु ते चालवायला महागडे युनिक्स वर्कस्टेशन लागत असे. साधा विंडोज संगणक आता हे काम पेलू शकेल, हे हर्शटिक यांनी ओळखले आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये पहिली आवृत्ती बाजारात आणली. दासो सिस्टिम्स या फ्रेंच कंपनीने १९९७ मध्ये सॉलिडवर्क्स ३१ कोटी डॉलरना घेतली. पुढे २०१२ मध्ये हर्शटिक यांनी ब्राउझरमध्ये चालणारे डिझाइन सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ऑनशेपची स्थापना केली, आणि २०१९ मध्ये ती ४७ कोटी डॉलरना विकत घेणारी कंपनी होती पीटीसीच. म्हणून काय नवे शोधावे यापेक्षा कोणते साधन नुकतेच स्वस्त झाले आहे आणि त्यामुळे कोणाची अडचण दूर होऊ शकते, हा प्रश्न आधी विचारावा. आपल्याकडे ते साधन म्हणजे फोरमनच्या खिशातला मोबाइल, असे माझे मत आहे.

भूमितीचे इंजिन, म्हणजे त्रिमितीय आकारांची गणिते करणारा सॉफ्टवेअरचा गाभा, स्वतः लिहिण्याच्या फंदात पडू नये. सॉलिडवर्क्सनेही पॅरासॉलिड हे तयार इंजिन परवान्यावर घेतले होते. आज ओपन कॅस्केड हे असेच इंजिन मुक्त स्रोतात उपलब्ध आहे आणि फ्रीकॅड हे मोफत डिझाइन सॉफ्टवेअर त्यावरच उभे आहे.

वाचलेली मेहनत शॉपच्या खऱ्या दुखण्यावर खर्च करावी, आणि पत्राकामात ते दुखणे बेंडिंगमध्ये, म्हणजे पत्रा वाकवण्यात, असते. ३ मिमी जाडीचा पत्रा ३ मिमी आतील त्रिज्येने काटकोनात वाकवला, तर के फॅक्टर (वाकवताना पत्र्याचा जो थर ताणलाही जात नाही आणि दबतही नाही, त्याचे आतील बाजूपासूनचे अंतर भागिले जाडी) ०.३३ धरल्यास वळणासाठी सुमारे ६.२७ मिमी लांबी लागते, आणि ०.४५ धरल्यास ६.८३ मिमी. एका वळणावर हा फरक किरकोळ वाटतो, पण चार वळणांच्या पॅनेलमध्ये तो २ मिमीच्या पुढे जातो आणि बोल्टची भोके जुळत नाहीत. के फॅक्टर हा पत्र्याचा प्रकार, जाडी, आतील त्रिज्या आणि वाकवण्याची पद्धत यांवर अवलंबून असतो, तर डायचे, म्हणजे ज्या खाचेत पत्रा दाबून वाकवतात त्या साच्याचे, तोंड बदलले की ती त्रिज्याच बदलते. त्यामुळे अनुभवी ऑपरेटर आपल्या मशीनचे आकडे वहीत टिपून ठेवतो. पुस्तकातला सरासरी आकडा सर्वांवर लादणारे सॉफ्टवेअर त्याला परके वाटते; त्याची वही जपणारे आणि प्रत्येक नव्या जॉबनंतर ती सुधारणारे सॉफ्टवेअर तो आपले मानेल.

सुरुवातीला एकच प्रकारचा जॉब निवडावा. कोराडी, खापरखेडा येथील वीज केंद्रे आणि कोळसा खाणी जवळ असल्यामुळे हॉपर (कोळसा साठवून खाली सोडणारे नरसाळे) आणि च्यूट (कोळसा घसरत नेणारी पन्हळ) यांचा विचार करता येईल; चौकोनातून गोलात जाणाऱ्या तुकड्याचा उलगडा, म्हणजे तो सपाट पत्र्यावर कसा कापायचा याची आकृती, हाताने काढायला वेळ लागतो, चूक झाली तर सगळा पत्रा भंगारात जातो. मालकाशी बोलणी करण्यापूर्वी काही दिवस ड्रॉइंग काढणाऱ्याच्या शेजारी बसावे, तो कोणता आकडा कुठून घेतो ते टिपावे, आणि सॉफ्टवेअरमधून निघणारी डीएक्सएफ फाइल (कापण्याच्या मशीनला देण्याचे ड्रॉइंग) लेझर कटिंगवाल्याकडे दुरुस्तीविना चालते का ते तपासावे. पहिला तुकडा वाकवला जाईल त्या दिवशी स्वतः शॉपवर हजर राहावे, व्हर्नियरने मोजमाप घ्यावे आणि आलेला फरक ऑपरेटरच्या समोरच सॉफ्टवेअरमधल्या त्याच्या वहीत भरावा.