घासण्याआधी मोजा: परफॉर्मन्स गाडीचा रंग आणि काच दुरुस्त करताना या चुका टाळा

चतुर्थी आटोपून पाऊस ओसरू लागला की चार महिने कव्हराखाली उभ्या असलेल्या महागड्या गाड्या पर्वरी, मडगाव आणि फोंड्याच्या वर्कशॉपमध्ये येऊ लागतात, आणि मालकांची मागणी बहुधा एकच असते: “एकदा रबिंग मारून चकाचक करून द्या.” पहिली चूक या मागणीतच आहे. रबिंगने ओरखडा पुसला जात नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर खाली आणला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते आणि त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण हाच थर करतो. जोरकस कंपाऊंडिंगच्या (म्हणजे खरखरीत लेपाने घासण्याच्या) एका फेरीत त्याचे काही मायक्रॉन कायमचे जातात, आणि दर दिवाळीला हौसेने रबिंग करून घेणाऱ्याच्या बॉनेटवर काही वर्षांनी पांढुरके चट्टे उठून क्लिअर कोट सुटू लागतो. तेव्हा तो भाग नव्याने रंगवण्यावाचून इलाज राहत नाही.

म्हणून मशीन हातात घेण्याआधी प्रत्येक पॅनेलची जाडी गेजने मोजावी आणि लिहून ठेवावी. येथे परफॉर्मन्स गाडी फसवते. पोलादी दारावर चालणारा साधा चुंबकीय गेज ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर चालत नाही, तेथे एडी करंटवर, म्हणजे धातूत निर्माण होणाऱ्या भोवऱ्यासारख्या विद्युतप्रवाहावर, काम करणारा लागतो; कार्बन फायबरचे छप्पर आणि प्लॅस्टिकचे बंपर यांना तर अल्ट्रासॉनिक गेजच हवा. शिवाय पहिल्या दोन्ही प्रकारचे गेज सर्व थरांची एकत्रित जाडी सांगतात, क्लिअर कोट किती उरला आहे ते नाही. एखाद्या दारावर ३०० मायक्रॉन दिसले की जाड रंग मिळाला म्हणून नवशिका खूश होतो. प्रत्यक्षात ते दार पूर्वी रंगवलेले असते, आणि खाली पुट्टी भरलेली असण्याचीही शक्यता असते. रंगाचा थर कडांवर आणि बॉडीच्या उठावदार रेषांवर सर्वांत पातळ असतो. सुरुवातीच्या काळात मी रोटरी मशीन (पॅड एकाच अक्षाभोवती गरगर फिरवणारे) अशाच एका काळ्या कूपेच्या बॉनेटच्या कडेवर क्षणभर जास्त टेकवले, खालचा प्रायमर दिसू लागला आणि संपूर्ण बॉनेट स्वतःच्या खर्चाने रंगवून द्यावे लागले. तेव्हापासून कडांना मास्किंग टेप लावल्याशिवाय मी मशीन सुरू करत नाही.

दुसरी चूक धुण्याच्या पायरीवर घडते. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यातून आलेल्या गाडीवर जी तांबूस धूळ बसलेली असते तिच्यात हेमटाइटचे कण असतात आणि किनाऱ्यावर उभ्या केलेल्या गाडीवर वाळूतील क्वार्ट्झचे. मोह्‌सच्या कठीणतेच्या मोजपट्टीवर हेमटाइट साडेपाच ते साडेसहा, तर क्वार्ट्झ सात. क्लिअर कोट या दोघांपुढे अगदीच मऊ आहे. अशा धुळीवर कोरडे फडके फिरवणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच आहे, आणि उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे बहुतांशी याच फडक्याची देणगी असतात. धूळ न काढता घातलेले कव्हरही वाऱ्याने हलत तेच काम चार महिने करत राहते. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग फेस सोडावा, आणि शाम्पूची बादली वेगळी, हातमोजा खळबळण्याची वेगळी ठेवावी. त्यानंतर ब्रेकमधून उडून रुतलेले लोखंडी कण आयर्न रिमूव्हरने काढावेत. त्याचा रंग जांभळा होतो तो त्या कणांशी अभिक्रिया झाल्यामुळे. मगच भरपूर ल्युब्रिकंट वापरून क्ले, म्हणजे रुतलेली घाण उचलणारा मातीसारखा मऊ गोळा, फिरवावा. क्लेचा तुकडा जमिनीवर पडला तर तो धुऊन पुन्हा वापरू नये, टाकून द्यावा.

बोअरवेलच्या जड पाण्याने धुऊन गाडी उन्हात वाळू दिली तर क्षारांचे डाग बसतात. ताजे डाग पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने विरघळतात. डागाखाली रंगात खड्डा पडला असेल तर मात्र व्हिनेगर कितीही लावले तरी काही होत नाही, तेथे पॉलिशच लागते.

पॉलिश निवडताना सर्वांत सौम्य पॅड आणि पॉलिशपासून सुरुवात करावी व एका हातभर जागेवर निकाल पाहूनच पुढे जावे. ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड फिरवतानाच डोलवणारे) वेळ जास्त घेते, पण रोटरीइतकी उष्णता किंवा होलोग्राम, म्हणजे उन्हात दिसणारे मशीनचे बारीक वळसे, निर्माण करत नाही. हात ठेववत नाही इतके पॅनेल तापले असेल तर थांबावे. बंपरवर अधिक सावधगिरी हवी, कारण धातूप्रमाणे प्लॅस्टिक उष्णता पसरवत नाही. बीएमडब्ल्यूचे फ्रोझन किंवा मर्सिडीजचे मॅग्नो यांसारखे मॅट रंग मुळीच पॉलिश करू नयेत, कारण घासलेली जागा चकाकते आणि ती चकाकी पुन्हा घालवता येत नाही.

“तुमच्याकडून गाडी नेली तेव्हा आरशासारखी होती, दोन वेळा धुतल्यावर ओरखडे परत आले,” ही तक्रार नेहमीची आहे. ओरखडे परत आलेले नसतात, ते गेलेलेच नसतात. पॉलिशमधील तेलाने ते तात्पुरते भरलेले असतात. १० ते १५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या द्रावणाने जागा पुसून तिरप्या प्रखर एलईडी प्रकाशात तपासली की खरे काय ते कळते. ट्यूबलाइटखाली कोणतीही गाडी सुंदरच दिसते.

काचेच्या बाबतीत गोंधळ याहून मोठा असतो, कारण डाग, ओरखडा आणि खडीचा मार या तीन वेगळ्या तक्रारींवर एकच औषध लावले जाते. रंगाचे कंपाऊंड काचेवर जवळजवळ निरुपयोगी आहे. काचेला सेरियम ऑक्साइड ही काच पॉलिश करण्याची बारीक पूड लागते, तेही सतत ओले ठेवून आणि जागा तापू न देता, कारण एका जागी तापलेली काच तडकू शकते. वायपरचा ओरखडा नखाला अडकत असेल तर तो घासून काढण्याचा हट्ट सोडावा. तेवढी काच एका ठिकाणी खाली नेल्यास तेथे भिंगासारखा परिणाम होतो आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे वाकडे दिसतात. चालकाच्या थेट नजरेसमोर हे घडले तर ओरखडा परवडला असे म्हणण्याची पाळी येते. झटपट डाग काढणाऱ्या काही द्रावणांत अमोनियम बायफ्लोराइड असते. ते काच खाते आणि त्वचेतून शरीरातही शिरते, म्हणून डब्यावरील घटक वाचल्याशिवाय ते वापरू नये.

रुंद टायरच्या वेगवान गाड्यांमागे महामार्गावर चालणाऱ्याला खडीचा मार ठरलेलाच असतो. समोरची काच दोन थरांची असून मधे प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, त्यामुळे लहान टवका निर्वात करून त्यात रेझिन भरता येते आणि ते अतिनील प्रकाशाने घट्ट होते. दारांच्या साध्या टेम्पर्ड काचांना ही सोय नाही. मार बसताच त्यावर पारदर्शक टेप लावावी व दुरुस्तीपर्यंत गाडी धुऊ नये, कारण टवक्यात पाणी आणि धूळ शिरली की रेझिन नीट चिकटत नाही. दुपारच्या उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा थंड झोत सोडल्यामुळे छोटा तडा काठापर्यंत धावतो; तेथे पोहोचलेला तडा भरण्याच्या नादी न लागता काच बदलावी, आणि आरशामागे कॅमेरा असेल तर बदलल्यानंतर त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणे, करून घ्यावे.

धातूपर्यंत गेलेला रंगाचा टवका पॉलिशने जात नाही. खारट हवेत तो उघडा ठेवल्यास पोलादावर गंज आणि ॲल्युमिनियमवर फोड येतात, म्हणून टचअप, म्हणजे टवक्यात रंग भरणे, आधी करावे. सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा संरक्षक थर) दमट दिवसांत लावायचे असेल तर एका वेळी लहान भाग घ्यावा, कारण ते लवकर धरते आणि न पुसलेल्या जागी तेलकट इंद्रधनुषी ठिपके राहतात. ते तासाभरात दिसले तर पुसले जातात, दुसऱ्या दिवशी पॉलिशनेच काढावे लागतात. वायपरचे रबर मे महिन्यातच बदलून घ्यावे. पहिल्या सरीत धुळीसह फिरणारे कडक झालेले रबर काचेवर जो अर्धवर्तुळाकार ओरखडा काढते, तोच ऑक्टोबरमध्ये आमच्यासमोर येतो.