फर्स्ट इयरवाल्यांनो, फुप्फुस दोन वह्यांत लिहू नका

आपल्या मराठवाड्यातून दरवर्षी बक्कळ पोरं-पोरी एमबीबीएसला लागतात, बरेचसे लातूर नाहीतर नांदेडला नीटसाठी घासून आलेले, अन् आता धाराशिव, परभणी, हिंगोली, जालन्यालाही सरकारी कॉलेजं झाली म्हणल्यावर घराजवळ राहणारेही वाढलेत. कुठंही लागा, पहिल्या वर्षी रेस्पिरेटरी सिस्टीम (श्वसनसंस्था) दोनदा येते. अॅनाटॉमीवाले (शरीराची रचना शिकवणारे) छाती उघडून फुप्फुस हातात देतात, फिजिओवाले (शरीर काम कसं करतं ते शिकवणारे) फळ्यावर आलेख काढतात, दोन्हीच्या मधी कधी कधी महिने जातात, अन् आपण नीटच्या सवयीनं दोन्ही वेगवेगळं पाठ करत बसतो. माझं म्हणणं एवढंच की वही एकच करा, डाव्या पानावर रचना अन् समोरच्या उजव्या पानावर त्या रचनेमुळं काय होतं ते. मी तसंच केलं, पुढं वॉर्डात पोस्टिंग लागल्यावर याच वहीचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

सुरुवात ट्रेकियापासून, म्हणजे मुख्य श्वासनलिकेपासून करा. मानेतल्या सहाव्या मणक्याजवळ सुरू होते, साधारण १० ते ११ सेंमी लांब, कूर्चेच्या कड्या पण पूर्ण गोल नाहीत, मागून उघड्या. का? तर मागं अन्ननलिका आहे, घास उतरताना तिला फुगायला जागा लागते. खाली स्टर्नल अँगलच्या (छातीच्या मधल्या हाडावरच्या उंचवट्याच्या) लेव्हलला ती दोन फांद्यांत फुटते. आता स्वतःच्या छातीवर बोट फिरवून तो उंचवटा शोधाच, दुसरी बरगडी तिथंच जोडलेली असते, तिथून खाली मोजत गेलात की बरगड्या चुकत नाहीत.

त्यातली उजवी फांदी, म्हणजे उजवा मेन ब्रॉंकस आखूड, रुंद अन् सरळ खाली जाणारा, जेमतेम अडीच सेंमी. डावा जवळपास ५ सेंमी अन् जास्त आडवा, कारण त्याला हृदयाला वळसा द्यावा लागतो. हे डाव्या पानावर. उजव्या पानावर लिहा: लेकरानं खेळता खेळता भुईमुगाचा दाणा, हरभरा, चिंचोका ओढून घेतला तर बहुतेक वेळा उजवीकडं जातो. वरून दाणा ओलाव्यानं फुगतो म्हणून उशीर परवडत नाही. आपल्याकडं घराघरात पोत्यानं हरभरा असतो, त्यामुळं ही केस तुम्हाला आज ना उद्या दिसणारच.

लोब्सचं (फुप्फुसाच्या भागांचं) फार टेन्शन घेऊ नका, उजवीकडं तीन, डावीकडं दोन, झालं. डिसेक्शन हॉलमधी फुप्फुस हातात आलं की टोक वर, खोलगट बूड खाली, हायलम (नळ्या अन् रक्तवाहिन्या आत शिरतात ती जागा) आतल्या बाजूला अन् पातळ धारदार कड पुढं, एवढं धरलं की बाजू आपोआप कळते.

खरी मजा आत आहे. श्वासनलिका फुटत फुटत साधारण २३ पिढ्या (एकातून दुसऱ्या फुटणाऱ्या फांद्यांच्या पायऱ्या) खाली जाते, त्यातल्या पहिल्या १६ मधी हवेची देवाणघेवाण होतच नाही, नुसता रस्ता. त्या रस्त्यात जवळपास १५० मिली हवा अडकून पडते, तिला डेड स्पेस म्हणतात. आता हिशोब बघा. एक श्वास ५०० मिलीचा, मिनिटाला १२ श्वास, म्हणजे ६००० मिली हवा आत गेली, पण कामाची प्रत्येकी ३५०, म्हणजे ४२०० मिली. दुसरा माणूस २५० मिलीचे उथळ श्वास मिनिटाला २४ घेतोय. आत जाणारी हवा तीच ६०००, पण कामाची फक्त १०० गुणिले २४, म्हणजे २४००! धापा टाकणारा पेशंट बघून “श्वास तर भरपूर चालूय” असं नातेवाईक म्हणतात ना, त्याचं उत्तर या गणितात आहे. हे गणित समजलं नसेल तर पुढचं पान उलटू नका.

अल्व्होलाय, म्हणजे टोकाच्या हवेच्या बारक्या पिशव्या, साधारण ३० कोटी, पसरलं तर ७० चौरस मीटरच्या आसपास. टाइप वन पेशी पातळ, बहुतेक भिंत त्यांचीच, अन् टाइप टू पेशी सरफॅक्टंट बनवतात, ते नसलं तर बारके अल्व्होलाय मिटून जातात. हे गर्भात उशिरा तयार होतं, म्हणून दिवस भरायच्या आधी डिलिव्हरी होईल असं वाटलं की आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. बाळंतीण वॉर्डात हे इंजेक्शन लिहिलेलं बघितलं की टाइप टू पेशी आठवा.

डायफ्रामला, म्हणजे छाती अन् पोटाच्या मधल्या स्नायूच्या पडद्याला वेळ द्या, लई द्या. शांत श्वास आत घेताना छातीची जागा वाढवायचं साधारण ७५ टक्के काम एकटा डायफ्राम करतो, अन् त्याची फ्रेनिक नर्व्ह मानेतून येते, सी ३, ४, ५ (मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या नसांच्या मुळांतून). म्हणून मान वरच्या भागात मोडली तर श्वासच बंद पडतो. आता आपल्या भागाची गोष्ट. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉससारखं फवारणीचं औषध पोटात गेलेले पेशंट मराठवाड्यातल्या कॅज्युअल्टीत येतातच. त्या औषधानं असिटिलकोलीन (नसेचा निरोप स्नायूला पोचवणारं रसायन) तुटत नाही, साचत जातं, मग नळ्या आकसतात, त्यात स्राव भरतो, अन् डायफ्रामसकट श्वासाचे स्नायू थकून लुळे पडतात. अॅट्रोपिन या उलट्या औषधानं स्राव आटतो, नळ्या मोकळ्या होतात, पण लुळा पडलेला स्नायू त्यानं उठत नाही, म्हणून व्हेंटिलेटर लागतो. छाती कोरडी झाली तरी सिनियर बेडपाशी उभं राहून पेशंटला मान उचलायला का लावतात, हे फर्स्ट इयरचा डायफ्राम नीट वाचला असेल तर लगेच कळतं.

प्ल्युराबद्दल (फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाबद्दल) थोडंच. फुप्फुसाची खालची कड मिडक्लॅव्हिक्युलर (गळ्याच्या हाडाच्या मध्यातून खाली जाणारी रेघ), मिडअॅक्झिलरी (काखेच्या मध्यातून जाणारी) अन् पाठीच्या बाजूला अनुक्रमे ६, ८, १० व्या बरगडीशी, प्ल्युराची ८, १०, १२ शी. मधल्या दोन बरगड्यांच्या फटीत पाणी साचतं. ते काढताना सुई बरगडीच्या वरच्या कडेवरून घालतात कारण खालच्या कडेच्या खोबणीत शीर, धमनी अन् नर्व्ह लपलेल्या असतात.

मग ऑक्सिजन. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिली ऑक्सिजन धरतं, म्हणजे १५ ग्रॅमवाल्याच्या १०० मिली रक्तात साधारण २० मिली. आता ऊसतोडीवरून आलेली बाई समजा, हिमोग्लोबिन ७. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८ दाखवतोय, सगळे निवांत. पण तिच्या १०० मिली रक्तात ऑक्सिजन सव्वानऊ मिलीच्या आसपासच! मशीन फक्त हिमोग्लोबिन किती टक्के भरलंय ते सांगतं, मुळात आहे किती ते सांगत नाही. ती म्हणते “जिना चढलं की दम लागतोय”, तर ती खरंच सांगतेय. डिसोसिएशन कर्व्ह (हिमोग्लोबिन ऑक्सिजन कधी धरतं, कधी सोडतं त्याचा आलेख) पाठ करण्याआधी हे उदाहरण सोडवा, मग कर्व्ह डावीकडं-उजवीकडं सरकवायला बसा.

आकड्यांबद्दल एक, पुस्तकातले व्हॉल्यूम (फुप्फुसातल्या हवेची मापं) साधारण ७० किलोच्या धडधाकट पुरुषाचे असतात. प्रॅक्टिकलला स्पायरोमीटरमधी, म्हणजे हवा मोजायच्या मशीनमधी, स्वतः फुंकाल तेव्हा कमी आले तर घाबरू नका, उंची, वय, बाई की पुरुष यावर ते ठरतं. नाकाला क्लिप नीट लावा, ओठ घट्ट मिटा, निम्म्या पोरांचं रीडिंग तिथंच गळतं. अन् व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हमखास येणारा प्रश्न: स्पायरोमीटरनं रेसिड्युअल व्हॉल्यूम (पूर्ण श्वास सोडल्यावरही आत उरणारी हवा) का मोजता येत नाही? कितीही जोरात फुंकलं तरी ती साधारण १२०० मिली हवा बाहेर येतच नाही, अन् मशीन बाहेर आलेलीच हवा मोजतं. त्यासाठी हेलियम डायल्युशन (हेलियम वायू आतल्या हवेत किती पातळ होतो त्यावरून मोजणं) वापरतात, एवढं जोडून बोललात की बहुतेक परीक्षक पुढच्या प्रश्नावर जातात.