यांगश्वोत राहून चिनी शिकताना

चिनी भाषा शिकण्यासाठी पेइचिंग किंवा शांघायलाच जावे लागते, असा आपल्याकडे समज आहे. ज्यांच्याजवळ शिष्यवृत्ती नाही, पण काही महिने मोकळे आणि थोडी बचत आहे, अशा नवशिक्यांनी दक्षिण चीनमधील ग्वांग्शी प्रदेशातल्या यांगश्वो या गावाचा विचार जरूर करावा. ली नदीच्या काठी, चुनखडीच्या सुळक्यांच्या मधोमध वसलेले हे गाव ग्वीलिन शहराच्या प्रशासनाखाली येते. वीस युआनच्या नोटेमागे छापलेले नदी-डोंगरांचे दृश्य याच तालुक्यातील शिंगपिंगजवळचे आहे. मी येथे राहिलो तो मात्र निसर्गासाठी नव्हे. मोठ्या शहरात जे पैसे नुसत्या खोलीभाड्यात संपले असते, त्यांत येथे भाडे, जेवण आणि शिक्षकांची शिकवणी असे सारे भागत होते, आणि भाषेला जो वेळ द्यावा लागतो तो त्यामुळे देता आला.

संस्था निवडताना शुल्काच्याही आधी व्हिसाचा प्रश्न विचारावा. १८० दिवसांपर्यंतच्या अभ्यासासाठी ‘एक्स-२’ आणि त्याहून अधिक मुदतीसाठी ‘एक्स-१’ व्हिसा असतो. दोन्हींसाठी प्रवेशपत्र लागते आणि परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी असलेली संस्थाच ते देऊ शकते. ‘एक्स-१’वर गेल्यास पोहोचल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. हॉटेलबाहेर, भाड्याच्या घरात उतरल्यास २४ तासांच्या आत पोलीस ठाण्यात नोंद करणे बंधनकारक आहे, म्हणून घरमालकाला सोबत येण्यास आधीच सांगून ठेवावे.

घर शक्यतो ‘शी च्ये’ या पर्यटकांच्या रस्त्यापासून दूर घ्यावे, हे मी आग्रहाने सांगेन. तेथे रात्री उशिरापर्यंत गोंगाट असतो, आणि त्याहून वाईट म्हणजे दुकानदार परदेशी चेहरा पाहताच इंग्रजीत बोलू लागतात. युलोंग नदीकडच्या खेड्यांत भाडे कमी पडते, सायकलने गावात येता येते आणि शेजारच्या आजीबाईंशी चिनीवाचून बोलण्याची सोयच नसते.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाजवळ एक मोठे भांडवल आहे. पिनयिन या रोमन लेखनपद्धतीतील ‘बी’ आणि ‘पी’ यांच्यातला फरक हा ब आणि प यांचा नसून, प आणि ओठ मिटून उच्चारलेला फ यांचा आहे. त्याचप्रमाणे ‘डी-टी’ म्हणजे साधारण त-थ आणि ‘जी-के’ म्हणजे क-ख. इंग्रजीतून शिकणाऱ्या सहाध्यायांना जो भेद कानाला जाणवायलाच वेळ लागत होता, तो आपण बाराखडीतच शिकलेलो असतो. ‘झेड’चा उच्चार ‘चोर’मधल्या च सारखा आणि ‘जे’चा ‘चित्र’मधल्या च सारखा, हे दोन्ही च मराठीत नांदत असल्याने तेथेही अडत नाही. खरे कष्ट स्वरांच्या चढउतारांचे आहेत. मानक चिनीत असे चार सूर आहेत आणि सूर चुकला की शब्दच बदलतो. पहिले काही आठवडे अक्षरांचा हव्यास न धरता शिक्षकांमागून मोठ्याने म्हणण्यात घालवावेत.

यांगश्वोची एक अडचण येथे सांगायला हवी. वर्गात मानक चिनी शिकवतात, परंतु बाजारात कानावर पडते ती बहुधा क्वेलियू. मानक चिनी ज्या मंदारिन भाषागटातली आहे, त्याच गटाची ही नैर्ऋत्येकडील बोली. तिच्यात जीभ वळवून काढायचा ‘श’ ऐकू येत नाही, त्याजागी ‘स’ येतो. त्यामुळे मानक भाषेतले ‘स’ (चार) आणि ‘श’ (दहा) हे शब्द केवळ सुरावरून ओळखावे लागतात. सूरही वेगळे असतात. मानक भाषेत ‘चार’चा सूर उतरता आणि ‘दहा’चा चढता आहे, या बोलीत मात्र ‘चार’ चढतो आणि ‘दहा’ उतरतो. भाजीवाल्याने सांगितलेला भाव चार की दहा, अशी शंका आल्यास बोटांनी दाखवायला सांगावे. दोन तर्जन्यांची फुली म्हणजे दहा. नवख्याला ही बोली गोंधळात टाकते हे खरे, तरी मला ती तोट्याची वाटली नाही, कारण तरुण मंडळी परक्याशी मानक चिनीतच बोलतात, आणि वेगवेगळ्या धाटणीचे बोलणे समजून घेण्याची कानाला सवय लागते. ज्यांना अतिशय शुद्ध उत्तरी उच्चारच हवा आहे, त्यांनी मात्र हार्बिन किंवा पेइचिंगकडे पाहावे.

शाकाहारी व्यक्तीने ‘मी मांस खात नाही’ हे वाक्य चिनी अक्षरांत लिहून जवळ ठेवावे, कारण येथील प्रसिद्ध तांदळाच्या शेवयांचा रस्सा सहसा हाडे उकळून केलेला असतो. लसूण घालून परतलेल्या पालेभाज्या आणि टोफू सर्वत्र मिळतात. त्या डुकराच्या चरबीत परतू नयेत, हेही सांगावे लागते. रोख रकमेचा वापर कमी असल्याने अलीपे किंवा वीचॅट या फोनवरून पैसे देण्याच्या ॲपला आपले कार्ड निघण्यापूर्वीच जोडून पाहावे. गूगल आणि व्हॉट्सॲप तेथे साध्या इंटरनेटवर चालत नाहीत, तेव्हा घरच्यांशी संपर्काची सोय आधी ठरवावी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता ते ग्वांगचौ थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली, आणि ग्वांगचौहून वेगवान रेल्वेने यांगश्वो स्थानक साधारण अडीच तासांवर आहे. हे स्थानक शिंगपिंगजवळ असल्याने गावापर्यंत पुढे बसने जावे लागते. एप्रिल ते जून धो-धो पाऊस असतो, तर जानेवारीत थंडी दमट आणि बोचरी असून दक्षिणेकडील घरांत उत्तरेसारखी सामायिक उष्णतेची व्यवस्था नसते. सप्टेंबरमध्ये सुरुवात करणे उत्तम. मात्र १ ऑक्टोबरपासूनच्या राष्ट्रीय सुट्टीत खोल्यांचे दर चढतात, म्हणून महिन्याच्या भाड्याचा करार त्यापूर्वीच करून टाकावा.