अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेण्यापूर्वी काय तपासावे

निपाणीकडच्या कोणी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू करू का असे विचारले, तर आधी विडी-सिगारेटची चौकशी करावी. तंबाखूच्या या पट्ट्यात तो प्रश्न आगाऊ वाटत नाही, आणि त्याला कारणही आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर केलेल्या, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन (शरीरात ज्यापासून अ जीवनसत्त्व बनते ते अँटिऑक्सिडंट) दिले गेले, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसशी काम पडलेले लोक घेऊन केलेली दुसरी चाचणीही अशाच निष्कर्षामुळे १९९६ साली मुदतीआधी थांबवावी लागली. त्यामुळे विडी ओढणाऱ्याने, किंवा अलीकडे सोडलेल्यानेही, बीटा कॅरोटीनची गोळी घेऊ नये. गाजर, पपई, शेवग्याचा पाला यांतून मिळणाऱ्या बीटा कॅरोटीनला मात्र ही भीती लागू नाही.

दुसरी पायरी म्हणजे गोळी कशासाठी हवी, हे एका वाक्यात लिहून पाहणे. पेशींत तयार होणाऱ्या फ्री रॅडिकल्सना, म्हणजे पेशींना इजा करू शकणाऱ्या अस्थिर रेणूंना, अँटिऑक्सिडंट आवर घालतात हे खरे. परंतु जंतूंशी लढताना शरीर स्वतःच ही रॅडिकल्स वापरते, म्हणून त्यांना जितके दाबावे तितके चांगले, असा हिशेब बसत नाही. ‘थकवा जावा’, ‘केस गळू नयेत’ एवढेच कागदावर उतरले, तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे. पैसे तिथे अधिक कारणी लागतात. ई जीवनसत्त्वाची ४०० एककांची कॅप्सूल तर त्वचेसाठी सर्रास घेतली जाते, पण ३५ हजारांहून अधिक पुरुषांवरील चाचणीत हीच मात्रा रोज घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त दिसला.

खरा उपयोग सिद्ध झालेली एक जागा आहे. वयोमानाने डोळ्यातील मॅक्युला (पडद्याचा मधला भाग) झिजण्याचा आजार मध्यम अवस्थेत असेल, तर ठरावीक मात्रेतील सी व ई जीवनसत्त्वे, जस्त, ल्युटीन आणि झिअॅक्झँथिन ही पिवळी रंगद्रव्ये यांचे मिश्रण तो आजार बळावण्याची शक्यता कमी करते. तेही नेत्रतज्ज्ञाने पडदा तपासून सांगितल्यावरच घ्यावे. मोतीबिंदूवर त्याचा इलाज होत नाही.

एवढे करूनही गोळी घ्यायची ठरली, तर पाकीट उलटून प्रत्येक घटकाची मात्रा वाचावी. सी जीवनसत्त्वाची प्रौढांची रोजची गरज १०० मिलिग्रॅमच्या आतबाहेर आहे. ५०० मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या रोज चघळण्याची सवय मुतखडा होऊन गेलेल्यांनी तरी सोडावी, कारण जादा सी जीवनसत्त्वाचा काही भाग ऑक्झलेट (बहुतेक मुतखड्यांतला मुख्य घटक) होऊन मूत्रपिंडातून बाहेर पडतो. त्यापेक्षा हिवाळ्यात बेळगावच्या बाजारात येणारा आवळा स्वस्त पडतो. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक असावा लागतो. तो नसेल तर पाकीट दुकानदाराला परत द्यावे. ई जीवनसत्त्व आणि ल्युटीन स्निग्ध पदार्थांत विरघळतात, म्हणून ती रिकाम्या पोटी न घेता जेवणासोबत घ्यावीत.

वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर ई जीवनसत्त्वामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. कर्करोगाची केमो किंवा रेडिएशन सुरू असेल, तर डॉक्टरांना न सांगता काहीच घेऊ नये. आपल्याकडे घरात मराठी, बाजारात कन्नड आणि पाकिटावर बारीक इंग्रजी, अशी परिस्थिती असते. पुष्कळ ज्येष्ठांना पाकिटावरचे ते इंग्रजी वाचता येत नाही. म्हणून गोळ्यांची नावे सांगत बसण्यापेक्षा घरातील सगळ्या पट्ट्या, चूर्णाच्या डब्यांसह, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवाव्यात.