ठिबक तुंबलंय? आम्ल आपल्या पाण्यावर मोजा

ठिबकच्या तुंबलेल्या ड्रिपरमध्ये, म्हणजे नळीवर थेंब सोडणाऱ्या तोटीत, टाचणी खुपसणारे आणि मोटार तासभर जास्त चालवणारे, दोघंही बोअरचं पाणीच वाया घालवतात. टाचणीने ड्रिपरची वाट बिघडते, मग ते झाड दुप्पट पितं. मोटार जास्त चालवली तर चालू ड्रिपरखाली डबकं होतं आणि तुंबलेल्याखालची माती कोरडीच राहते. सांगोला, आटपाडी, जत या पट्ट्यात वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास आणि बोअरला क्षार. तिथं ठिबक बसवून काम संपत नाही.

आधी मोजा. नळीच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली ६ मिनिटं मापाचा मग धरा. ताशी ४ लिटरचा ड्रिपर असेल तर मगात ४०० मिलिलिटर पाणी यायला हवं.

वाळूच्या फिल्टरचं बॅकवॉश करा, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुवा, जाळी धुवा. ते पाणी बांधावरच्या शेवग्याला सोडा.

आता एक तुंबलेला ड्रिपर कापा. आत पांढरा थर असेल आणि आम्लाच्या थेंबाने तो फसफसला, तर क्षार आहेत. हिरवं, बुळबुळीत असेल तर शेवाळ. त्यावर आम्ल नको, ब्लीचिंग पावडर लागते. ही दोन्ही एकाच वेळी कधीही सोडू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि जिवावर बेततं.

खरी गोम आम्लाच्या मापात आहे. मलाही ते बरेच दिवस जमत नव्हतं, कारण जो तो 'एकरी दोन लिटर सोडा' एवढंच सांगायचा. एकराला असं ठरलेलं माप नसतंच. शेजारच्या बोअरचं पाणी वेगळं, आपलं वेगळं. आणि आपलंही पावसाळ्यात एक, मे महिन्यात दुसरं. म्हणून दर वेळी प्लास्टिकच्या बादलीत आपलं १० लिटर पाणी घ्या. सिरिंजने हायड्रोक्लोरिक आम्ल मिलिलिटर-मिलिलिटर टाका, काडीने ढवळा, सामूची (पीएचची, म्हणजे पाणी किती आम्ल ते दाखवणारी) कागदी पट्टी बुडवा. पट्टी ४ दाखवेल तिथं थांबा आणि किती आम्ल गेलं ते लिहून ठेवा.

समजा ६ मिलिलिटर लागलं, म्हणजे लिटरला ०.६. प्लॉटमध्ये ताशी ४ लिटरचे २००० ड्रिपर असतील, तर तासाला ८००० लिटर आणि आम्ल सोडायच्या १५ मिनिटांत २००० लिटर पाणी जातं. त्याला आम्ल लागेल १.२ लिटर. ते ऐकीव दोन लिटर ओतले असते तर जादाचं आम्ल मुळांशी गेलं असतं. पाणी जास्त क्षारांचं असेल तर उलट तेच दोन लिटर कमी पडतील आणि थर जागचा हलणार नाही.

आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच. 'एवढ्याला काय होतंय' म्हणणाऱ्याच्या हाती कॅन देऊ नका. आम्ल पाइपात ओढून घेणारी व्हेंच्युरी लोखंडी फिल्टरनंतर हवी, नाहीतर फिल्टरच गंजेल. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याची पट्टी ४ दाखवेपर्यंत आम्ल चालू ठेवा, मग मोटार बंद.

२४ तास हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी आधी सबमेनचा (नळ्यांना पाणी देणाऱ्या जाड पाइपचा) गाळ काढायचा फ्लश व्हॉल्व्ह उघडा, मग नळ्यांची टोकं चार-पाच करून उघडा. सगळी एकदम उघडली तर दाब पडतो आणि सुटलेला चुरा आतच बसतो. पाणी नितळ आलं की टोकं बंद करून मापाचा मग पुन्हा धरा. ४०० च्या जवळ न येणारे ड्रिपर काढून नवे लावा.